३,२१,५०,३१,७५१ ही संख्या चार पायांना का चकवते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण मिलर-रॅबिन चाचणीवर आधारलेला, मूळ संख्या ओळखणारा एक प्रोग्राम लिहिला आहे आणि त्यात २, ३, ५ आणि ७ हे चार पाये, म्हणजे ज्यांचे घात काढून चाचणी घेतली जाते त्या संख्या, वापरले आहेत. हा प्रोग्राम ३,२१,५०,३१,७५१ ही संख्या मूळ असल्याचे सांगतो, तर आपल्या मित्राचा साधा भागाकार करत जाणारा प्रोग्राम तिला १५१ ने भाग जातो असे दाखवतो. गुणाकाराचा भाग आपण अनेकदा तपासला, चूक सापडली नाही, आणि आता आणखी एक पाया वाढवावा की संपूर्ण पद्धतच बदलावी, असे आपण विचारले आहे.

मित्राचे उत्तर बरोबर आहे. ही संख्या १५१ × ७५१ × २८,३५१ इतकी आहे आणि हे तिन्ही अवयव मूळ आहेत. मात्र त्यावरून आपल्या प्रोग्राममध्ये चूक आहे असे ठरत नाही. चारही पायांची उत्तरे त्याने अचूक काढली आहेत, आणि ती उत्तरे एखाद्या मूळ संख्येची असावीत तशीच आहेत. म्हणून चूक कुठे झाली यापेक्षा ‘या चार पायांची हमी कुठपर्यंत होती’ हा येथे खरा प्रश्न आहे. ती हमी याच संख्येच्या अलीकडे संपते. २, ३, ५ आणि ७ या चारही पायांची चाचणी उत्तीर्ण होणारी ही सर्वांत लहान संयुक्त संख्या आहे. पॉमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्ये २५०० कोटींपर्यंतचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा त्या संपूर्ण टापूत अशी एवढी एकच संख्या सापडली.

गणिताकडे वळण्यापूर्वी एक शंका बाजूला करू, कारण माझ्याकडे असे प्रश्न येतात तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा कारण तेच निघते. ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावत नाही. तशी साठवल्यास ती उणे १,०७,९९,३५,५४५ अशी दिसते. चिन्हविरहित ३२ बिटांत ती मावते, कारण ती मर्यादा ४,२९,४९,६७,२९६ च्या एकने अलीकडे आहे. पण चाचणीत बाकीचा वर्ग करावा लागतो, आणि हा वर्ग १,०३३ वर सोळा शून्ये इतका मोठा होऊ शकतो. ६४ बिटांचा चिन्हयुक्त पूर्णांक ९२२ वर सोळा शून्यांच्या आसपासच संपतो. चिन्हविरहित असेल तर तो त्याच्या दुप्पट, म्हणजे १,८४४ वर सोळा शून्यांपर्यंत जातो. म्हणजे चिन्हयुक्त प्रकार वापरला असेल, तर याच संख्येपाशी गुणाकार ओसंडून वाहण्याचा संभव खरोखरच होता. तरीही आपल्या बाबतीत तसे झालेले नाही, असे मी प्रोग्राम न पाहता म्हणतो. गुणाकार बिघडला की बाक्या वाटेल तशा येतात, आणि वाटेल तशी आलेली बाकी चाचणीला हवी ती नेमकी बाकी असण्याचा संभव नगण्य असतो. त्यामुळे ओसंडलेला प्रोग्राम सहसा मूळ संख्येला संयुक्त ठरवतो. आपला प्रोग्राम उलट दिशेने चुकला आहे, आणि तेही चार वेळा सलग. इतकी शिस्तबद्ध चूक ओसंडलेल्या गुणाकाराच्या हातून होत नाही.

आता चाचणी नेमके काय पाहते ते या संख्येपुरते पाहू. संख्येतून १ वजा केल्यास ३,२१,५०,३१,७५० उरतात, आणि त्याचे निम्मे १,६०,७५,१५,८७५ ही विषम संख्या आहे. या विषम संख्येला मी पुढे ‘निम्मा घातांक’ म्हणेन. संख्या मूळ असती, तर फर्मा यांच्या नियमानुसार कोणत्याही पायाच्या पूर्ण, म्हणजे ३,२१,५०,३१,७५० व्या, घाताची बाकी १ आली असती. आणि मूळ संख्येने भागताना ज्याचा वर्ग १ येतो अशा बाक्या दोनच असतात, १ आणि उणे १. म्हणून निम्म्या घातांकाची बाकी १ किंवा उणे १ यांपैकीच काहीतरी यायला हवी. दोनाने आणखी अर्धे करता येत नसल्यामुळे या संख्येसाठी संपूर्ण चाचणी एवढीच आहे. पाया २ घेतल्यास बाकी १ येते, ३ घेतल्यास ३,२१,५०,३१,७५० म्हणजेच उणे १, ५ घेतल्यास पुन्हा १, आणि ७ घेतल्यास पुन्हा उणे १. आपल्या प्रोग्राममध्ये या चार बाक्या छापून पाहाव्यात. त्या अशाच निघाल्या तर गुणाकाराविषयीची शंका तिथेच संपेल.

संयुक्त असूनही ही संख्या अशी का वागते, याचे उत्तर तिच्या तीन अवयवांत आहे. प्रत्येक अवयवातून १ वजा करून पाहा : १५०, ७५० आणि २८,३५०. हे तिन्ही १५० च्या पटीत आहेत, अनुक्रमे एकपट, पाचपट आणि १८९ पट. शिवाय या तिन्ही संख्या ३,२१,५०,३१,७५० ला निःशेष भागतात. भागाकार अनुक्रमे २,१४,३३,५४५, ४२,८६,७०९ आणि १,१३,४०५ असे येतात. कोणत्याही अवयवाचा वर्ग संख्येत नसणे आणि प्रत्येक अवयवातून १ वजा केलेली संख्या पूर्ण संख्येतून १ वजा केलेल्या संख्येला भागणे, ही कोर्सेल्ट यांनी १८९९ मध्ये मांडलेली अट आहे, आणि ती पाळणाऱ्या संयुक्त संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. त्यांतील सर्वांत लहान ५६१, म्हणजे ३ × ११ × १७. अशा संख्या अनंत आहेत, हे अल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. कारमायकेल संख्येपुढे फर्मा यांची साधी चाचणी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण ज्याचा संख्येशी सामाईक अवयव नाही असा कोणताही पाया तिथे बाकी १ च देतो. मिलर-रॅबिन चाचणी निम्म्या घातांकापर्यंत खाली उतरते ती नेमकी ही पळवाट बंद करण्यासाठी. येथे मात्र तिथेही पाय घसरला आहे.

वर लिहिलेले तिन्ही भागाकार विषम आहेत, या गोष्टीकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. निम्मा घातांक हा ७५, ३७५ आणि १४,१७५ या प्रत्येकाचा विषम पट आहे, असा त्याचा अर्थ. १५१ पुरते बोलायचे तर, एखाद्या पायाचा ७५ वा घात १५१ ने भागला असता बाकी १ किंवा उणे १ येते : तो पाया कोणत्या तरी वर्गाची बाकी असेल तर १, नसेल तर उणे १. विषम पट घेतल्याने हे चिन्ह बदलत नाही. म्हणून प्रत्येक पाया या संख्येसमोर तीन चिन्हे घेऊन उभा राहतो, १५१ साठी एक, ७५१ साठी एक आणि २८,३५१ साठी एक. तिन्ही धन असतील तर संपूर्ण संख्येने भागूनही बाकी १ येते, तिन्ही ऋण असतील तर उणे १ येते, आणि दोन्ही वेळा प्रोग्राम ‘मूळ’ म्हणतो. चिन्हांत एकही फरक पडला की पितळ उघडे पडते.

चारही पायांची चिन्हे आता कागदावरच काढता येतील. तिन्ही अवयवांना ८ ने भागा, बाकी प्रत्येक वेळी ७ येते, आणि अशा मूळ संख्यांसमोर २ चे चिन्ह नेहमी धन असते. १२ ने भागा, बाकी तिन्ही वेळा पुन्हा ७, आणि अशा वेळी ३ चे चिन्ह ऋण असते. ५ ने भागल्यास तिन्ही वेळा बाकी १, म्हणून ५ चे चिन्ह धन. ७ ची बाब थोडी अधिक रंजक आहे : १५१, ७५१ आणि २८,३५१ यांना ७ ने भागल्यास बाक्या ४, २ आणि १ अशा वेगवेगळ्या येतात, पण ७ च्या बाबतीत वर्गांच्या बाक्या नेमक्या याच तीन असतात. गाऊस यांनी १८०१ मध्ये सिद्ध करून प्रसिद्ध केलेल्या, दोन मूळ संख्यांची एकमेकींसमोरची चिन्हे जोडणाऱ्या परस्परतेच्या नियमानुसार येथे चिन्ह उलटते, आणि तिन्ही ठिकाणी ऋण येते. २ चे चिन्ह १५१ पुरते हातानेही पडताळता येईल : २ चा १५ वा घात ३२,७६८, त्यातून १ वजा केल्यास ३२,७६७, आणि ही संख्या ७ × ३१ × १५१ आहे. म्हणजे १५ व्या घातालाच बाकी १ येते, आणि निम्मा घातांक १५ च्या पटीत आहे.

आता ११ घ्या. तिन्ही अवयवांना ११ ने भागल्यास बाक्या ८, ३ आणि ४ येतात. ११ च्या बाबतीत वर्गांच्या बाक्या १, ३, ४, ५ आणि ९ एवढ्याच असतात; ३ आणि ४ त्यांत आहेत, ८ नाही. येथेही नियमानुसार चिन्ह उलटते, म्हणून १५१ समोर ११ चे चिन्ह धन आणि उरलेल्या दोघांसमोर ऋण येते. (१५१ पुरते हेही तोंडी पटते : ३९ चा वर्ग १,५२१, आणि तो १५१ च्या दहापटीहून ११ ने मोठा आहे.) ११ च्या निम्म्या घाताची बाकी २,१२,९१,६०,०९९ येते, जी १ ही नाही आणि उणे १ ही नाही. त्यातून १ वजा करून आलेल्या २,१२,९१,६०,०९८ चा आपल्या संख्येशी मसावि काढला की १५१ हातात येतो. मिलर-रॅबिन चाचणी अवयव दाखवत नाही असे आपण वाचले असेल, आणि सर्वसाधारणपणे ते खरे आहे. पण संख्या कारमायकेल असेल, तर चाचणीत नापास करणारा पाया जाता जाता अवयवही सांगून जातो.

यातून आपल्या मनातील एक गृहीतक तपासून पाहावे, असे सुचवतो. चार पाये म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार, आणि प्रत्येकाची चूक होण्याचा संभव फार तर एक चतुर्थांश, म्हणून एकूण चुकीचा संभव २५६ मध्ये एक, असा हिशेब अनेकदा मांडला जातो. रॅबिन यांनी १९८० मध्ये सिद्ध केलेली चतुर्थांशाची मर्यादा यादृच्छिक निवडलेल्या पायासाठी आहे. पाये आधीच ठरलेले असतील तर संभवाचा प्रश्नच उरत नाही; एखादी संख्या त्यांना फसवते किंवा फसवत नाही, आणि जी फसवते ती शंभर वेळा चालवली तरी शंभर वेळा फसवते. शिवाय अशा संख्येपुढे २ आणि ३ चुकले की ४, ६, ८, ९ आणि १२ आपोआप चुकतात, कारण चिन्हांचा गुणाकार होतो. या संख्येसाठी २ पासून १० पर्यंतचे सगळे पाये खोटी साक्ष देतात. ‘चारऐवजी पहिले नऊ पाये घेतले’ असे म्हणणारा प्रोग्रामही येथे तसाच फसला असता.

चतुर्थांशाची ती मर्यादा ही संख्या तंतोतंत गाठते. तीन चिन्हांच्या आठ जुळण्या होतात, त्या सर्व सारख्याच वेळा येतात, आणि त्यांतील दोन, सर्व धन व सर्व ऋण, आपल्याला फसवतात. संख्येशी सामाईक अवयव नसलेले पाये १५० × ७५० × २८,३५०, म्हणजे ३,१८,९३,७५,००० आहेत, आणि त्यांपैकी बरोबर एक चतुर्थांश, ७९,७३,४३,७५०, खोटी साक्ष देतात. बहुतेक मोठ्या संयुक्त संख्यांसाठी हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या जवळपासही नसते. या चाचणीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट संख्या असूच शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

इतकी बेमालूम वाटणारी ही संख्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यास अगदी उघडी आहे, हे मला नेहमी गमतीचे वाटते. साधा भागाकार करत गेल्यास ३६ व्या मूळ संख्येलाच, म्हणजे १५१ ला, ती सापडते. आणि वर्गांचा फरक शोधण्याच्या फर्मा यांच्या जुन्या पद्धतीने तर ती एका पायरीत फुटते, फक्त आधी १६ ने गुणावे लागते. १५१ × ७५१ म्हणजे १,१३,४०१, आणि हा २८,३५० च्या चौपटीहून नेमका १ ने मोठा आहे. परिणामी संख्येच्या १६ पटीत ९ मिळवले की ५१,४४,०५,०८,०२५ हा २,२६,८०५ चा पूर्ण वर्ग मिळतो. त्या वर्गमुळात ३ मिळवून ८ ने भागा, २८,३५१ येतात. ३ वजा करून २ ने भागा, १,१३,४०१ येतात. म्हणून मी लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्राममध्ये मिलर-रॅबिनच्या आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहण्याची पायरी असतेच. ती प्रामुख्याने वेगासाठी असते, पण तिने असा अपघातही टळला असता. मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. अशाच घडणीच्या पण मोठ्या अवयवांच्या संख्या अस्तित्वात आहेत.

आता आपण काय करावे, हे आपल्याला किती मोठ्या संख्या तपासायच्या आहेत आणि त्या कुठून येतात यावर अवलंबून आहे, आणि या दोन गोष्टी आपल्या प्रश्नात आलेल्या नाहीत. संख्या ३२ बिटांतच राहणार असतील, तर २, ७ आणि ६१ हे तीनच पाये पुरतात. ४,७५,९१,२३,१४१ च्या अलीकडे ते कधीच चुकत नाहीत, आणि आपल्या संख्येलाही ६१ हा पाया पकडतो. २, ३, ५, ७ हेच ठेवून ११ वाढवल्यास हमी २१,५२,३०,२८,९८,७४७ च्या अलीकडेपर्यंत जाते. ६४ बिटांपर्यंत जायचे असेल तर २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाये म्हणून घ्याव्यात. त्या टापूत हे सिद्ध झालेले आहे, तिथे संभवाची भाषा करण्याचे कारण नाही. फक्त गुणाकार १२८ बिटांत करावा लागेल.

संख्या त्याहून मोठ्या असतील किंवा अनोळखी व्यक्तीकडून येत असतील, तर ठरलेले पाये मी वापरत नाही. फ्रांस्वा आर्नो यांनी १९९५ मध्ये ३९७ अंकी एक कारमायकेल संख्या रचून दाखवली, जी ३०७ पेक्षा लहान असलेल्या सर्व मूळ पायांना फसवते. आपले पाये ज्याला ठाऊक आहेत तो त्यांना फसवणारी संख्या मुद्दाम घडवू शकतो, आणि घडवण्याची रीत वर पाहिलेल्या चिन्हांच्या जुळणीचीच आहे. अशा वेळी पाये प्रत्येक खेपेस नव्याने, समोरच्याला अंदाज येणार नाही असे यादृच्छिक निवडावेत. वीस पाये घेतल्यास आपल्या संख्येसारख्या वाईटात वाईट संख्येलाही निसटण्याचा संभव एक लाख कोटींत एकाहून कमी राहतो. दुसरा मार्ग म्हणजे पाया २ ची चाचणी आणि लुका यांच्या क्रमिकेवरील चाचणी एकत्र वापरणे. ६४ बिटांपर्यंत या जोडीला फसवणारी एकही संख्या नाही.

शेवटी एक काम सांगतो, जे पाये बदलण्याच्या आधी करावे. प्रोग्रामच्या चाचणी-संचात ही संख्या कायमची ठेवा आणि तिच्याबरोबर आणखी तीन ठेवा : २,०४७, जी केवळ पाया २ ला फसवणारी सर्वांत लहान आहे, १३,७३,६५३, जी २ आणि ३ या दोघांना फसवते, आणि २,५३,२६,००१, जी २, ३ आणि ५ ला फसवते. त्यांचे अवयव अनुक्रमे २३ × ८९, ८२९ × १,६५७ आणि २,२५१ × ११,२५१ असे आहेत. प्रत्येक जोडीतून १ वजा करून पाहा : ८८ ही २२ ची चौपट, १,६५६ ही ८२८ ची दुप्पट, आणि ११,२५० ही २,२५० ची पाचपट. आपल्या संख्येतही १५० आणि ७५० यांच्यात हेच पाचपटीचे नाते आहे. जुना प्रोग्राम या तिन्ही लहान संख्यांना संयुक्त ठरवून केवळ चौथीला मूळ म्हणत असेल, तर त्याचा गुणाकार आणि घातांकाचा भाग जसाच्या तसा ठेवून फक्त पायांची यादी बदलणे पुरेसे आहे. यादीशेजारी तिची हमी कोणत्या संख्येच्या अलीकडेपर्यंत आहे तेही लिहून ठेवावे, आणि तुलना करताना ‘पेक्षा लहान’ हेच चिन्ह वापरावे. जुन्या चार पायांच्या यादीशेजारी ‘लहान किंवा समान’ लिहिल्यास नेमकी हीच संख्या पुन्हा आत शिरते, आणि ही चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.